अंगठी कुणाची, आणि मोडलं कुणी

साखरपुडा झाला, हॉलचा ॲडव्हान्स गेला, पत्रिका छापायला टाकली आणि लग्न मोडलं. अंधेरीत काय नि मुलुंडमध्ये काय, सोसायटीत बातमी पोचली की पहिला प्रश्न येतो, ‘मोडलं कुणी?’ पाठोपाठ दुसरा, ‘मग अंगठीचं काय?’ पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळालं, असं सगळे धरून चालतात. मुलाने मोडलं तर अंगठी मुलीकडेच राहावी, तेवढी त्याला शिक्षा. मुलीने मोडलं तर तिने ती मुकाट काढून द्यावी. वधूवर सूचक मंडळातल्या काकू हेच सांगतात आणि वकिली करणारा मामाही हेच सांगतो.

हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. शब्द ज्याने मोडला त्याला त्याचा फायदा मिळू नये, ही त्यामागची भावना रास्त आहे. इंग्लंडच्या न्यायालयानेही एके काळी हेच मानलं. १९२६च्या एका प्रसिद्ध निकालात तिथे नियम घालून दिला गेला: मुलीने विनाकारण नकार दिला तर अंगठी परत करावी, मुलाने विनाकारण नकार दिला तर त्याला ती मागता येणार नाही. तरीही मला हे मत चुकीचं वाटतं. अंगठी कुणाकडे जावी हे लग्न लागलं की नाही यावरून ठरावं. मोडलं कुणी हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो खर्चाच्या हिशोबाला बसल्यावर.

पहिली अडचण साध्या मोजणीची आहे. इंग्लंड-अमेरिकेतला सगळा वाद एका अंगठीचा: मुलाने गुडघ्यावर बसून, आपल्या पगारातून घेऊन मुलीला दिलेली. आपल्याकडे तबकात दोन असतात. मुलीला मुलाकडचे घालतात, मुलाला मुलीकडचे. जुन्या विधीत तर अंगठीवर फारसं काही अडलेलं नव्हतं. साखरेचा पुडा, साडी, ओटी आणि वडीलधाऱ्यांनी चारचौघांत दिलेला शब्द, एवढ्यावर काम भागत असे. मग अंगठ्या आल्या, फोटोग्राफर आला, आणि आता केकही आला आहे. बहुतेक घरांत या दोनपैकी एकही अंगठी मुलाच्या किंवा मुलीच्या पैशाची नसते. एकीचं बिल होणाऱ्या सासूबाईंच्या नावावर, दुसरीचं मुलीच्या वडिलांच्या. ते बिल नीट वाचण्यासारखं असतं: निव्वळ वजन, २२ कॅरेटची ९१६ शुद्धता, घडणावळ, ३ टक्के जीएसटी आणि सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तोच क्रमांक अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. भिंग लावलं तर दिसतो. कुठली अंगठी कुणी घेतली हे सांगायला आत्याबाईंची साक्ष लागत नाही.

आता दोषाचा नियम या दोन अंगठ्यांना लावून बघा. मुलाने मोडलं. त्याच्याकडची अंगठी मुलीकडे राहिली, कारण दोष त्याचा. मुलीकडून आलेली त्याने परत करायची, कारण दोष त्याचाच. एका घरात दोन अंगठ्या, दुसऱ्या घरात एकही नाही. हा उघड दंड झाला. आणि दंड किती? अंगठी जेवढी जड तेवढा. चार ग्रॅमची साधी अंगठी घालणारा स्वस्तात सुटला; हौसेने सॉलिटेअर घालणारा बुडाला. अपराध दोघांचा एकच. दागिन्याच्या वजनावर दंड ठरवणारं न्यायशास्त्र माझ्या तरी वाचनात नाही.

दुसरी अडचण दोष ठरवण्याची. उपनगरांतली लग्नं सिनेमातल्यासारखी मोडत नाहीत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, दोन वर्षांत ताबा मिळेल असं बैठकीत सांगितलं होतं. प्रत्यक्षात काम थांबलंय आणि बिल्डरने भाडं देणंही बंद केलंय. ‘स्वतंत्र राहू’ म्हणणारा मुलगा आता आईवडील आणि धाकट्या भावासह वन बीएचकेत राहायचं म्हणतो. घाटकोपरची मुलगी मेट्रोने अंधेरीला नोकरीला जाते. सासर विरारचं, आणि साखरपुड्यानंतर महिन्याभरात ‘नोकरीचं लग्नानंतर बघू’ अशी भाषा सुरू झाली. कुठे पगाराचा आकडा फुगवलेला निघतो, कुठे कर्ज लपवलेलं. अशा वेळी फोन करून ‘नको’ म्हणते ती मुलगी. मग मोडलं तिने का? लोक लगेच म्हणतात, छे, तिला कारण होतं. कारण बघायचं म्हटलं की चौकशी आली, चौकशीला साक्षीदार आले, आणि साक्षीदार म्हणजे दोन्हीकडचे मामा नि आत्या. पाच ग्रॅम सोन्यासाठी दोन घरांची लक्तरं वेशीला टांगायची.

ज्यांनी हा नियम घडवला त्यांनीच तो टाकून दिला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. इंग्लंडने १९७०च्या कायद्याने लग्नाच्या वचनभंगाचा दावाच बंद केला आणि अंगठी ही पूर्ण भेट आहे असं गृहीत धरायला सांगितलं. उलट सिद्ध करायची मुभा ठेवली, पण मोडलं कुणी हे विचारणं सोडलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५९पासून दोषाचा नियम होता. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर सत्तर हजार डॉलरच्या अंगठीचा खटला आला. मुलाने संशयावरून लग्न मोडलं होतं, आणि संशय चुकीचा होता असं म्हणून खालच्या न्यायाधीशाने अंगठी मुलीला दिली होती. वरच्या न्यायालयाने दोष पाहायचाच नाही असं ठरवलं आणि अंगठी मुलाला परत दिली. इंग्लंड एका टोकाला गेलं, मॅसॅच्युसेट्स दुसऱ्या. दोषाचा नियम मात्र दोघांनीही मोडीत काढला. आपण तो अजून घट्ट धरून बसलो आहोत.

‘ते पाश्चात्त्यांचं, आपली परंपरा वेगळी’ असं म्हणणाऱ्यांनी परंपरा जरा उघडून बघावी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, दायविभागाच्या प्रकरणात, नेमका हाच प्रसंग आहे. शब्द देऊन नंतर मुलगी न देणाऱ्याला स्मृतिकार दंड सांगतो आणि दुसऱ्या बाजूचा झालेला खर्च व्याजासह भरायला लावतो. त्याच श्लोकाचा उत्तरार्ध वेगळ्या प्रसंगाचा आहे: ठरलेली मुलगी लग्नाआधीच वारली तर वराने दिलेलं परत घ्यावं, दोन्हीकडचा खर्च वळता करून. यावर टीका करताना विज्ञानेश्वर मिताक्षरेत वराने आधी दिलेल्या जिनसांत अंगठीचं नाव घेऊन उल्लेख करतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला हा माणूस; आज ते बसवकल्याण बीदर जिल्ह्यात आहे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. महाराष्ट्रातल्या हिंदूंच्या वारसा-व्यवहाराला इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी त्याचाच ग्रंथ प्रमाण मानला.

या श्लोकाची मांडणी बघा. जिथे दोष आहे तिथे दंड आणि खर्च आहे. जिथे कुणाचाच दोष नाही, मृत्यूनेच लग्न अडवलं, तिथे अंगठी परत जायला सांगितली आहे. ती परत जाते कारण ज्या लग्नासाठी दिली ते झालंच नाही. कुणाला शिक्षा करायची म्हणून नव्हे. आता स्मृतीतलं सगळंच आज उचलायचं नाही, हे उघड आहे. त्या श्लोकात मुलगी स्वतः एक अक्षर बोलत नाही; देणारा आणि घेणारा बोलतात. शिवाय याच स्मृतीच्या आचाराध्यायात, अधिक चांगला वर आला तर शब्द दिलेली मुलगीही काढून घ्यावी अशी मुभा आहे. तेव्हा चांगलं स्थळ आल्यावर मन बदलणं हे काही विवाहसंस्थांच्या वेबसाइटींनी शिकवलेलं नाही.

मुंबई हायकोर्टाचा अनुभवही याच वाटेचा आहे. १८७०पासून शतकाच्या अखेरपर्यंत वाङ्‌निश्चय मोडल्याचे दावे त्याच्यापुढे आले, विशेषतः शहरातल्या गुजराती व्यापारी घराण्यांतले. न्यायालयाची भूमिका अशी राहिली की लग्न लावा असा हुकूम आम्ही देणार नाही, पण करार मोडल्याची नुकसानभरपाई मागता येईल. भरपाईचा हा रस्ता १८७२च्या करार कायद्यानुसार आजही खुला आहे. हॉलचा बुडालेला ॲडव्हान्स, केटररला दिलेली उचल, छापून वाया गेलेल्या पत्रिका, लग्न ठरलं म्हणून सोडलेली नोकरी: मोडणाऱ्याचा दोष इथे मोजावा, पावत्या समोर ठेवून. हल्ली बऱ्याच घरांत खर्च निम्मा-निम्मा ठरलेला असतो, त्यामुळे हिशोब मांडणं तसं अवघड नाही. अंगठी यात ओढायची गरज नाही.

दुसरा पूर्वपक्ष तरुणांचा आहे आणि तो अधिक चिवट आहे: ‘भेट ती भेट. दिली, विषय संपला.’ त्यांच्या मदतीला १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येऊ शकतो. एखादी घटना घडली तर भेट रद्द होईल असं दोघांना ठरवता येतं, असं त्याचं कलम १२६ सांगतं. पण ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. याचा रोख लक्षात घ्या. मुलाने स्वतःच लग्न मोडलं तर ती घटना त्याच्याच मर्जीची; मग त्याने अंगठी कशी मागावी? माझ्या मताविरुद्ध यापेक्षा जड युक्तिवाद मला सापडलेला नाही. आपल्याकडे साखरपुड्याच्या अंगठीसाठी वेगळं कलम नाही, त्यामुळे एखाद्या न्यायाधीशाला हा युक्तिवाद पटूही शकेल.

मला तो पटत नाही, कारण त्याच कायद्याचं कलम १२२ भेट कशाला म्हणावं हे सांगतं: मोबदल्याविना, स्वखुशीने दिलेलं. साखरपुड्यात अंगठीच्या बदल्यात अंगठी जाते, शब्दाच्या बदल्यात शब्द. गुरुजी, पन्नास पाहुणे आणि दोन्हीकडच्या विहिणी यांच्यासमोर जे होतं ती देवाणघेवाण आहे, आणि तिचा हेतू तिथे बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. लग्न होणारच नसेल तर कुणीही कुणाच्या बोटात सोनं घालणार नाही. म्हणून हा विषय भेटीच्या कलमांत न शोधता कराराच्या कायद्यात शोधावा. देवाणघेवाण फसली की दोघांनी आपापलं परत घ्यावं. मधल्या काळातल्या वाढदिवसाचं घड्याळ, दिवाळीचा फोन, महाबळेश्वरहून आणलेली शाल, या मात्र खऱ्या भेटी. त्या परत मागणं कोतेपणाचं. ओटीची साडी तर कुणी मागूच नये.

इंग्लंडचा नियम इथे का नको, असंही कुणी विचारील. ज्याला मिळाली त्याने ठेवावी, दोघांकडे एकेक, झालं. पण वजनं सारखी नसतात, आणि ज्या घरात मुलगी गेलीच नाही त्या घरातल्या पोराच्या बोटात तिच्या बापाचं सोनं का राहावं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

एकदा लग्न लागलं की मात्र चित्र पूर्ण उलटतं, आणि लोकमत नेमकं इथे दुसरी चूक करतं. आता म्हणतात, ‘सासरचं सोनं सासरी.’ घटस्फोटाची भाषा सुरू झाली की सासूबाईंच्या लॉकरमधले दागिने बाहेर येत नाहीत. साखरपुड्याची अंगठी तर हमखास ‘आम्हीच केली होती’ या सदरात जाते. १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मत निकालात काढलं. सासरच्या घरात आलं की स्त्रीधन नवरा-बायकोचं सामाईक होतं, असा पंजाब-हरियाणा हायकोर्टाचा निष्कर्ष होता. तो अमान्य करून न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन बायकोचंच. नवरा किंवा सासू ते सांभाळत असतील तर विश्वस्त म्हणून, आणि परत न दिल्यास तो फौजदारी विश्वासघात. १९९७च्या आणखी एका निकालात याच न्यायालयाने म्हटलं की विवाह कायद्याच्या कलम २७खाली येणारी मालमत्ता लग्नाच्या दिवशीच मिळालेली असावी असं नाही. लग्नाशी संबंध असेल तर आधी किंवा नंतर मिळालेलीही चालते. म्हणजे साखरपुड्याची अंगठी वगळायला जागा राहत नाही. एप्रिल २०२४मध्ये न्यायालयाने स्त्रीधनावर नवऱ्याचा ताबा नाही हे पुन्हा सांगितलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलीच्या बापालाही बजावलं: तिने अधिकार दिल्याशिवाय तुम्हालाही ते मागता येणार नाही. हे दुसरं वाक्य आपल्याकडच्या वडिलांनी आवर्जून वाचावं. बिल तुमच्या नावावर असेल, दागिना तिचा.

इथेही दोष आड येत नाही. घटस्फोट तिने मागितला, तिचं वागणं चुकलं असं न्यायालयाने मानलं, तरी अंगठी तिचीच राहते. मुलाच्या अंगठीचंही तसंच, मात्र एका अटीवर. हुंडाबंदी कायद्याप्रमाणे ती न मागता, रिवाजाप्रमाणे, ऐपतीला धरून दिलेली आणि यादीत नोंदलेली असावी. ‘दोन तोळ्यांची हवीच’ असं बैठकीत सांगून घेतली असेल तर तो हुंडा. मग त्याच कायद्याचं कलम ६ ती वस्तू लग्नापासून तीन महिन्यांत मुलीच्या हवाली करायला सांगतं. हे कलम किती जावईबापूंनी वाचलं असेल, कोण जाणे.

लग्न लागलं की नाही, हेच कधी कधी सहज सांगता येत नाही. व्हिसासाठी आधी कागद करून ठेवायचे आणि सात-आठ महिन्यांनी थाटात लग्न लावायचं, ही परदेशी जाणाऱ्या मुलांच्या घरांतली नेहमीची युक्ती. मधल्या काळात फाटलं तर? २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. तेच १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या असतील तर लग्न त्या क्षणी झालं, मंगलाष्टकं झाली नाहीत तरी. एका प्रकारात दोन्ही अंगठ्या परत जातील, दुसऱ्यात दोघांकडे राहतील. कुठल्या कायद्याचा फॉर्म भरला एवढ्यावर सगळं ठरतं, आणि तो भरताना एजंट सांगेल तिथे सही करण्याची आपली पद्धत आहे.

आजीच्या अंगठीचं काय, हा एक खरा प्रश्न उरतो. पैशाने भरून न येणारी वस्तू तीच्या तीच मागता येते. विशिष्ट अनुतोष कायद्यात तशी सोय आहे. आणि अंगठी मोडून दुसरं काही घडवलं असेल तर तेवढ्याच वजनाचं, तेवढ्याच शुद्धतेचं सोनं द्यावं. घडणावळ दोघांनी विसरावी. जुन्या बिलाची रक्कम देऊन मोकळं होणं हा आजच्या भावात शुद्ध नफा आहे. २०२५मध्ये दहा ग्रॅमने लाखाचा टप्पा ओलांडला, हे ज्याच्याकडे अंगठी आहे त्यालाही माहीत आहे. मी इथे बोलतोय ते हिंदू घरांपुरतं. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी घरांचे कायदे वेगळे.

हे सगळं कोर्टात सहसा जात नाही. विवाहितेला बांद्र्याचं फॅमिली कोर्ट आहे, घरगुती हिंसाचार कायद्याखाली अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या मॅजिस्ट्रेटकडे स्त्रीधन परत मागता येतं. नुसता साखरपुडा मोडलेल्यांना यातलं एकही दार नाही. पोलीस ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणतात, आणि दिवाणी दाव्याचा वकील अंगठीच्या किमतीपेक्षा जास्त फी सांगतो. म्हणून निकाल देतात ते सोसायटीतले लोक, मंडळातल्या काकू आणि मामा. त्यांचं मत चुकलं की दाद मागायला वर कुणी नाही.

तेव्हा विनंती त्यांनाच. लग्न ठरवताना याद्या करायची आपली जुनी पद्धत आहे. देणंघेणं, मानपान, कोणी काय घालायचं, सगळं लिहून दोन्हीकडच्या सह्या होतात. त्या यादीत यापुढे दोन ओळी वाढवा: ‘लग्न न झाल्यास कारण कोणतेही असो, दोन्ही अंगठ्या पंधरा दिवसांत ज्यांच्या त्यांना परत. झालेल्या खर्चाचा हिशोब पावत्यांसह वेगळा.’ खाली मुलाची आणि मुलीची सही घ्या, नुसती वडिलांची नको, आणि दोन्ही बिलांच्या झेरॉक्स त्याच कागदाला टाचून ठेवा.